झिजलेला शाफ्ट भरून घ्यावा की भंगारात घालावा?

टॉवेलवाला, अक्कलकोट रस्ता एमआयडीसी:
काल येथे एकाने लिहिले की, झिजलेले भाग वेल्डिंगने भरून वापरणारे सोलापूरकर कंजूष आहेत, त्यांनी सरळ नवे घ्यावेत. बेअरिंगच्या बैठकीवर अर्धा मिलिमीटर झीज झाली म्हणून अख्खा शाफ्ट भंगाराच्या भावाने विकायचा, हे कोणते शहाणपण? माझ्या चार मागांचे क्रँकशाफ्ट वेल्डिंगने भरून लेथवर मापात उतरवलेले आहेत आणि तीन वर्षे त्यांवर टॉवेल निघत आहेत.

हंगामी अभियंता:
हा पुरावा नव्हे, नशीब आहे. शाफ्टसाठी वापरतात त्या ईएन-8 पोलादात सुमारे 0.4 टक्के कार्बन असतो. ते आधी न तापवता भरले, तर वेल्डिंगलगतचा पट्टा ठिसूळ होतो आणि कीवेच्या, म्हणजे चावी बसवायच्या खाचेच्या, कोपऱ्यातून तडा जातो. आमच्या साखर कारखान्यात ऐन गाळपात असाच भरलेला शाफ्ट तुटला आणि गाड्यांतला ऊस उन्हात वाळत राहिला.

जुना जॉबर:
साहेब, मग आपल्याच कारखान्यात चालू हंगामात ऊस पिळणाऱ्या रोलरवर आर्किंग, म्हणजे वेल्डिंगचे खरखरीत ठिपके, कशासाठी करतात? रोलरचे शेल, म्हणजे बाहेरचे कवच, झिजले की शाफ्ट तोच ठेवून नवे शेल चढवतात. कारखान्याने केले की तंत्रज्ञान आणि मागवाल्याने केले की कंजुषी!

हंगामी अभियंता:
आर्किंग उसाची पकड वाढवण्यासाठी असते, ताकदीसाठी नाही. दोन्हींची गल्लत करू नका.

टॉवेलवाला:
आणि 'नवे' म्हणजे तरी काय? दिवाळीत घेतलेल्या नव्या गिअरचे दात दोन महिन्यांत उडाले, आत ओतकामाची पोकळी निघाली. दुकानदाराने हात वर केले.

जुना जॉबर:
बिल घेतले होते का?

टॉवेलवाला:
बिलाशिवाय स्वस्त पडत होते. आपण माझे हिशेब तपासायला बसला आहात काय?

जुना जॉबर:
बसलो नाही, पण कंजूष शब्दावर रागावणाऱ्याने असला गिअर घेतला, याची गंमत वाटली.

हंगामी अभियंता:
नवा भागही फसवतो, एवढे मान्य करतो. झीज केवळ बैठकीवर असेल, तड्यात शिरणाऱ्या लाल रंगाने तड्याची तपासणी झाली असेल आणि वेल्डिंगच्या कांड्या भट्टीत वाळवलेल्या असतील, तर जरूर भरा. तडा गेलेल्या शाफ्टवर मात्र वेल्डिंगचा मुलामा चढवू नका.

टॉवेलवाला:
परवानगीबद्दल आभार. पाचवा शाफ्ट उद्या लेथवाल्याकडे नेतो आहे. कांड्या वाळवायला त्याच्याकडे भट्टीच नाही, हे आता त्याला आपणच सांगा.