‘पिधान’ म्हणजे नेमकं काय? शब्द आला कुठून?

अजिंक्यतारा_पायथा:
आकाशदर्शनाच्या पत्रकात ‘चंद्र-रोहिणी पिधान’ असं लिहिलेलं असतं, दुसरीकडे ‘युती’. दोन्ही एकच का? आणि हे ‘परिधान’ लिहिताना ‘र’ गळाल्यामुळे झालंय की वेगळाच शब्द आहे? साताऱ्यातून बघायचं तर वेळ कुठली धरायची?

धातुसाधित:
वेगळाच शब्द आहे. ‘परिधान’शी नातं आहे ते एवढंच की धातू दोन्हीकडे ‘धा’, म्हणजे ठेवणे. परि + धा म्हणजे भोवती ठेवणं, नेसणं. अपि + धा म्हणजे वर ठेवणं, झाकणं. ‘अपिधान’ म्हणजे झाकण. संस्कृतात ‘अपि’ आणि ‘अव’ या उपसर्गांचा ‘अ’ विकल्पाने गळतो, म्हणून ‘पिधान’. अमरकोशात ‘अपिधान’ आणि ‘पिधान’ दोन्ही एकाच ओळीत आहेत, शेजारी ‘तिरोधान’ आणि ‘आच्छादन’.

गळालेला ‘अ’ आपल्या पानावरच सापडतो. जेवण संपल्यावर उत्तरापोशन (शेवटचं आचमन) घेताना म्हणतात ते ‘अमृतापिधानमसि’. त्यातला ‘ता’ दीर्घ आहे, कारण अमृत + अपिधान असा संधी झालाय. नुसतं ‘पिधान’ असतं तर ‘अमृतपिधानमसि’ झालं असतं. जेवणाआधीचं ‘उपस्तरण’ म्हणजे खालचं अंथरूण, नंतरचं ‘अपिधान’ म्हणजे वरचं झाकण. किती नेटकी जोडी आहे बघा!

कृष्णाकाठ_सांगली:
अर्थ वर आलाच, आता आकाशातलं. युती म्हणजे दोन ज्योती जवळ दिसणं. पिधान म्हणजे जवळच्या बिंबाने लांबचं पूर्ण झाकणं. २४ मार्च २०२३ ला चंद्राने शुक्राला झाकलं ते आपल्याकडे दिवसाउजेडी. संध्याकाळी सगळ्यांनी फोटो काढले ते शुक्र बाहेर आल्यानंतरचे, म्हणजे युतीचे.

वेळ साताऱ्याचीच काढा, मुंबईची चालणार नाही. चंद्र जवळ असल्यामुळे जागा बदलली की ताऱ्यांच्या मानाने त्याची जागा सरकते. शे-सव्वाशे किलोमीटरवरच्या सांगली-साताऱ्यातही वेळ वेगळी येते. मोबाइलमधल्या तारांगण ॲपमध्ये गाव, अक्षांश-रेखांश स्वतः भरा (सातारा साधारण १७.७ उत्तर, ७४ पूर्व). बहुतेकांचं पिधान हुकतं ते इथेच.

शुक्ल पक्षात तारा चंद्राच्या अंधाऱ्या कडेआड जातो, तेव्हा जाताना बघा. कृष्ण पक्षात तो उजळ कडेआड जातो आणि अंधाऱ्या कडेतून बाहेर येतो, तेव्हा येताना बघा. उजळ कडेशी झगमगाटात तारा हरवतो. १०×५० ची दुर्बीण तिवईवर लावून पंधरा मिनिटं आधी बसा. तारा मंद होत जात नाही, दिवा मालवावा तसा क्षणात जातो, कारण चंद्राला वातावरण नाही आणि तारा आपल्याला बिंदूएवढाच. ग्रहाला बिंब असतं, म्हणून त्याला झाकायला काही सेकंद लागतात. चंद्र तासाला जवळजवळ स्वतःच्या व्यासाएवढा पुढे जातो, त्यामुळे मधोमध झाकलेला तारा साधारण तासाभराने दिसतो.

या झाकण्यातूनच युरेनसची कडी सापडली. १० मार्च १९७७ ला त्याने एक तारा झाकला, तेव्हा झाकण्याआधी आणि नंतरही ताऱ्याचा प्रकाश थोडा थोडा वेळ मंदावला. तमिळनाडूत कावलूरच्या वेधशाळेतूनही ते पिधान टिपलं होतं.

अजिंक्यतारा_पायथा:
दोघांचेही आभार. मग ग्रहणाला पिधान का म्हणत नाहीत?

धातुसाधित:
खग्रास सूर्यग्रहण हे खरं तर पिधानच, चंद्र सूर्याला पूर्ण झाकतो. चंद्रग्रहण मात्र नाही, तिथे आपल्या आणि चंद्राच्या मधे काहीच येत नाही, त्याच्यावर पृथ्वीची सावली पडते. आणि लहान बिंब मोठ्यावरून गेलं तर ‘अधिक्रमण’. ६ जून २०१२ ला शुक्राचं सूर्यावरून झालं ते.