रोडगे आतून कच्चे का राहतात

प्रश्न असा, की गावाकडच्या मारुतीच्या पंगतीतले रोडगे (गवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले कणकेचे गोळे) आतपर्यंत खुसखुशीत असायचे, घरी केले की मधे गिच्चगोळा का राहतो. बहुतेकदा चूक जगऱ्यात, म्हणजे पेटवलेल्या गवऱ्यांच्या विस्तवात असते.

आधी पीठ. पोळीचं बारीक पीठ घेतलं की रोडगा चिवट होतो. गहू जाडसर, रवाळ दळून आणायचे. किलोभर पिठाला साधारण 100 ग्रॅम कडकडीत तेलाचं मोहन, मीठ, ओवा. कणीक घट्ट. लहान तीन-चार पाऱ्यांना मधे तेल लावून एकावर एक ठेवायच्या, मग मोठ्या पारीत गुंडाळून गोळा वळायचा. तेलात कंजुषी केली की पदर एकमेकांना चिकटतात आणि मधला भाग शिजतच नाही.

आता जगरा. गवऱ्या पूर्ण वाळलेल्याच हव्यात, ओलसर असल्या की धुराचा कडू वास पिठात बसतो. जाळ दिसतोय तोवर रोडगा टाकायचाच नाही, नाहीतर वरून कोळसा, आतून कणीक! धग उरली की निखाऱ्यांवर फिरवत सगळीकडून डाग पाडायचे, मग गरम राखेत पुरून अर्धा-पाऊण तास विसरायचं. सारखं उकरून बघणाऱ्यांचे कच्चेच राहतात. अंगाला भेगा पडल्या की झाला.

राख फडक्याने झटकून गरम असतानाच फोडायचा, तूप पदरात मुरतं. सोबत गंजातली (मोठ्या पातेल्यातली) वांग्याची भाजी, वरण, पळसाची पत्रावळ. ओव्हनमध्ये भाजला जातो बरोबर, पण गवरीचा वास कुठून आणणार?