बेळगाव सोडून चाकणला जावं का? पगार वाढतोय, पण हिशोब बसेना

अनगोळ_तिसरा_क्रॉस

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत व्हीएमसी (संगणकावर चालणारं उभं मिलिंग मशीन) सेटर-कम-ऑपरेटर, म्हणजे मशीन जुळवायचं आणि चालवायचंही, फॅनुक कंट्रोल, ११ वर्षं अनुभव, आयटीआय एनसीव्हीटीचं. सध्या ग्रॉस २०,५००, ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) आणि पीएफ कापतात. चाकणच्या ऑटो पार्टच्या कंपनीची ३२,००० ची ऑफर आहे. घर अनगोळात स्वतःचं, आई सोबत असते, मुलगा तिसरीत मराठी माध्यमात. बायकोचं माहेर गडहिंग्लज. चाकणजवळ मोशीत वन बीएचके १३,००० भाडं आणि ४०,००० डिपॉझिट सांगतायत. गाडी केए-२२ ची मोटरसायकल, कर्ज फिटलंय.

ज्याला विचारावं तो म्हणतो, "जा की, तिकडं आपलीच माणसं." माणसं आपली आहेत हे कबूल, पण मला हिशोब पाहिजे. पगार, पोराची शाळा, कागदपत्रं, राहणीमान, जमेल ते सांगा.

पेरोल_टेबल

३२,००० हा आकडा आधी सोलून बघा. लेटरात सीटीसी (कंपनीचा तुमच्यावरचा एकूण खर्च) लिहिलंय की ग्रॉस (कपातीआधीचा पगार)? सीटीसी असेल तर कंपनीचा पीएफचा वाटा त्यातच धरलेला असतो. समजा बेसिक-डीए १८,००० आहे. कंपनीचा पीएफ १२ टक्क्यांनी २,१६० आणि ग्रॅच्युइटी ४.८१ टक्क्यांनी ८६६, हे दोन्ही काढलं की ग्रॉस उरतो २८,९७४. त्यातून तुमचा पीएफ २,१६० आणि प्रोफेशनल टॅक्स २०० गेला की हातात २६,६१४. कँटीन आणि बसचे पैसे कापतात का, ते वेगळं विचारा.

आता इथलं बघा. बेसिक १४,००० धरलं तर पीएफ १,६८० आणि ईएसआय पाऊण टक्क्यानं १५४, हातात १८,६६६. कर्नाटकात २५,००० च्या खाली प्रोफेशनल टॅक्स नाही. म्हणजे दोन्हीकडच्या हातातल्या पगारात फरक आठ हजारांचा, आणि मोशीचं भाडं तेरा हजारांचं! ओव्हरटाईमशिवाय हे गणित जमत नाही. ओव्हरटाईम कायद्यानं दुप्पट दरानं द्यावा लागतो, पण ठेकेदाराच्या रोलवर घेतलं तर बऱ्याच ठिकाणी 'सिंगल'नंच देतात. म्हणून ऑफर कंपनीच्या रोलची की ठेकेदाराच्या, हा पहिला प्रश्न.

दुसरी गोष्ट कुणीच सांगत नाही. ईएसआयची मर्यादा २१,००० आहे, नव्या पगारावर तुम्ही तिच्या बाहेर जाता. आज आई तुमच्यावर अवलंबून म्हणून ईएसआयमध्ये असेल, तर तिचे उपचारही सुटतात. कंपनीची मेडिक्लेम असेल तर त्यात आई-वडील धरतात की फक्त बायको-मुलं, हे लेखी घ्या. आईसाठी स्वतः पॉलिसी काढायला गेलात तर हप्ता भरा आणि जुन्या आजारांची प्रतीक्षा-मुदतही सोसा. तो हप्ता वरच्या आठ हजारांतूनच जायचा.

दुसरी_पाळी

वरचा हिशोब बरोबर आहे, पण तो पहिल्या महिन्याचा आहे. उद्यमबाग-मच्छेत फौंड्रीच्या कास्टिंगवरचं जॉब वर्क जास्त. ठरलेले फिक्स्चर, ठरलेले प्रोग्रॅम, सेटर आयुष्यभर सेटरच राहतो. चाकण-भोसरीत फोर्थ अ‍ॅक्सिस, फाईव्ह अ‍ॅक्सिस, एचएमसी (आडवं मिलिंग) अशी पुढची मशिनं मिळतात, आणि कॅमवर (मशीनचा प्रोग्रॅम बनवणारं सॉफ्टवेअर) प्रोग्रॅमिंग शिकलात तर दोन-तीन वर्षांत प्रोग्रॅमरच्या जागेवर जाता येतं. पगाराची खरी उडी तिथं असते. नुसतं पार्ट लावा, सायकल स्टार्ट दाबा, गेज लावा एवढंच काम असेल तर मात्र चाकणला जाऊन काय उपयोग? मुलाखतीत सरळ विचारा: ऑफसेट (टूलच्या मापाची दुरुस्ती) ऑपरेटर देतो की क्वालिटीवाला, प्रोग्रॅम एडिटला की लॉक आहे की उघडा, नवीन पार्टची ट्रायल कोण घेतं. उत्तरावरून कळतं की सेटर पाहिजे की बटण दाबणारा.

बाकी मोशी-चाकण रस्त्याची गर्दी पाळी सुटताना बघा, दुपारी बाराला नको. आणि पाणी. पिंपरी-चिंचवडला २०१९ च्या नोव्हेंबरपासून एक दिवसाआड पाणी आहे. सोसायटीत टँकर येतो का आणि त्याचे पैसे मेंटेनन्समध्ये धरलेत की वर वेगळे, हे मालकाला न विचारता वॉचमनला विचारा.

दाखला_क्रमांक

तिसरीतलं पोरगं आहे म्हणून शाळेचं जरा सविस्तर. खरी अडचण इथंच आहे आणि ती दहा वर्षांनी दिसते.

कर्नाटकाच्या सीईटीत (इंजिनिअरिंगसारख्या कोर्सची प्रवेश परीक्षा) राज्याची जागा मिळायला पहिली ते बारावीत किमान सात वर्षं कर्नाटकात शिकलेलं लागतं, आणि दहावी किंवा बारावी इथून पास. पोरगं तिसरीनंतर गेलं तर तीनच वर्षं भरतात. एक पळवाट आहे: अकरावी-बारावी इथं केली आणि आई-वडिलांपैकी एकजण कर्नाटकात सात वर्षं शिकलेला असेल तर चालतं. म्हणून तुमचे स्वतःचे शाळेचे दाखले जपून ठेवा.

आता महाराष्ट्र. तिथल्या अभियांत्रिकीसाठी दहावी-बारावी महाराष्ट्रातून पास झालं एवढ्यावर भागत नाही, शिवाय डोमिसाईल किंवा जन्म महाराष्ट्रातला लागतो. डोमिसाईलला १५ वर्षांचं वास्तव्य. तिसरीनंतर गेलेलं पोरगं बारावीपर्यंत नऊच वर्षं भरतं. म्हणजे इकडचं सुटलं, तिकडचं मिळालं नाही, आणि ऑल इंडियाच्या रांगेत उभं राहिलं. सीमाभागासाठी तिथं वेगळा प्रकार आहे, पण त्याला दहावी किंवा बारावी सीमाभागातल्याच संस्थेतून पास, राहणं सीमाभागात आणि मातृभाषा मराठी, असं लागतं. पुण्यातून दहावी-बारावी केली की तोही गेला.

पण तुमच्याकडं एक पान हातात असू शकतं. बायकोचं माहेर गडहिंग्लज म्हणालात. बाळंतपण माहेरी झालं असेल तर पोराचा जन्म महाराष्ट्रातला! जन्मदाखला काढून बघा, नोंद गडहिंग्लज की बेळगाव. गडहिंग्लजची असेल तर दहावी-बारावी पुण्यात करून तो महाराष्ट्राचा उमेदवार ठरतो. तसं नसेल तर आईचं महाराष्ट्राचं डोमिसाईल सर्टिफिकेट असलं तरी चालतं.

शाळा बदलताना टीसीवर (शाळा सोडल्याचा दाखला) बीईओची (गटशिक्षणाधिकारी) प्रतिस्वाक्षरी घेऊनच निघा, परराज्यातला दाखला तिकडं त्याशिवाय अडकवतात. जातीच्या दाखल्याचं थोडक्यात: मराठा इथं ३बी या मागास गटात आहे, ते आरक्षण सीमेपलीकडं चालत नाही.

फॉर्म_अठ्ठावीस

गाडीचं मी सांगतो. दुसऱ्या राज्यात गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर तिथला नंबर घ्यावा लागतो, मोटार वाहन कायद्याचं कलम ४७. आधी चलन बाकी आहे का बघा, विमा आणि पीयूसी चालू ठेवा. कर्ज फिटलंय म्हणता, पण आरसीवरून बँकेचं नाव उतरलंय का? नसेल तर बँकेच्या एनओसीसह फॉर्म ३५ आधी. मग बेळगाव आरटीओत फॉर्म २८, म्हणजे गाडी दुसरीकडं न्यायच्या एनओसीचा अर्ज. त्यावर चॅसिस नंबरचा पेन्सिलनं काढलेला ठसा लागतो. नंबरवर ग्रीस-माती असते, रॉकेलच्या फडक्यानं पुसून घ्या, नाहीतर ठसा पुसट येतो आणि अर्ज परत.

सगळ्यात जास्त फसगत होते ती एनओसी कुठल्या आरटीओच्या नावे घ्यायची यात. 'पुणे' म्हणून एमएच-१२ लिहून देतात. मोशी, भोसरी, चाकण एमएच-१४ मध्ये येतं, पिंपरी-चिंचवड. चुकलं तर परत बेळगाव. तिकडं गेल्यावर फॉर्म २७ (नव्या नंबरचा अर्ज), पत्त्याचा पुरावा, महाराष्ट्राचा टॅक्स, गाडी दाखवणं, नवीन नंबर प्लेट. नवी आरसी हातात आली की तिची प्रत जोडून कर्नाटकात भरलेल्या लाईफटाईम टॅक्सचा उरलेला भाग परत मागता येतो. बरेच जण हे पैसे सोडून देतात.

पत्त्याच्या पुराव्यासाठी नोंदणीकृत भाडेकरार घ्या, ११ महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्स. नुसता नोटरी करार बऱ्याच ठिकाणी चालत नाही. तुमच्या भाड्या-डिपॉझिटवर मुद्रांक शुल्क चारशेच्या घरात आणि नोंदणी फी १,०००, बाकी एजंट सांगेल ते त्याचं. लॉक-इन (घर सोडता येत नाही ती मुदत) किती महिन्यांचा ते वाचूनच सही करा.

कोगनोळी_नाका

सगळे बेळगाव की पुणे एवढंच बघतायत. मधला मार्ग आहे: नोकरी कागल पंचतारांकित एमआयडीसीत किंवा गोकुळ शिरगावात, बिऱ्हाड निपाणीत. निपाणी-कागल साधारण २० किमी, दुचाकीला टोल नाही. पगार चाकणएवढा नाही मिळायचा, पण निपाणी कर्नाटकात आहे. गाडीचा नंबर तोच, रेशन कार्ड तेच, बायकोला कर्नाटकाच्या गृहलक्ष्मी योजनेचे २,००० मिळत असतील तर ते चालू, गृहज्योतीची वीज सवलत भाडेकरूलाही मिळते. पोराची सात वर्षं मोडत नाहीत आणि मराठी शाळा मिळते. अनगोळचं घर भाड्यानं दिलं तर निपाणीचं भाडं त्यातून सुटावं.

चाकणलाच जायचं तर पहिलं वर्ष एकट्यानं कॉट बेसिसवर (भाड्याच्या खोलीत एक खाट) काढा आणि तोवर रेशन कार्डातलं नाव कमी करू नका. ये-जा रेल्वेवर ठेवा. सीमावाद पेटला की दोन्हीकडच्या बसगाड्या थांबतात, २०२२ च्या डिसेंबरात आणि २०२५ च्या फेब्रुवारीत तेच झालं.

सरकारी भरतीचा विचार असेल तर महाराष्ट्रानं दावा सांगितलेल्या ८६५ गावांतल्या मराठी भाषकांना तिथल्या नोकरीला अर्ज करता येतो, पण त्या गावांत १५ वर्षं राहिल्याचा दाखला लागतो. मतदार यादी-आधार हलवायच्या आधी काढून ठेवा.

अनगोळ_तिसरा_क्रॉस

जन्मदाखला बघितला, गडहिंग्लज नगरपालिकेचा आहे. आता वेगळंच: आधारवर माझं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं पूर्ण आहे. एसएसएलसीच्या (इथल्या दहावीच्या) मार्क्स कार्डावर नाव आणि पुढं नुसतं आद्याक्षर. पीएफला मार्क्स कार्डाप्रमाणं नोंद. अडेल का?

पेरोल_टेबल

अडेल. महाराष्ट्रातला एचआर आडनाव पहिलं घालून तिसराच प्रकार तयार करेल. आधार हाच पाया धरा आणि पीएफचं नाव त्याप्रमाणं करून घ्या, जॉइंट डिक्लेरेशननं (तुमचा आणि कंपनीचा एकत्र अर्ज). यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) १ ऑक्टोबर २०१७ नंतरचा असता तर स्वतः ऑनलाईन जमलं असतं. ११ वर्षं झाली म्हणजे तुमचा आधीचा असणार, त्याला सध्याच्या कंपनीची मंजुरी लागते. म्हणून राजीनामा टाकायच्या आधी करा. नोटीस दिल्यावर कुणी टेबलावरची फाईल उचलत नाही.