ग्रुपची टीम नेमकी कधी झाली? अनुभव लिहा

प्रोजेक्टची यादी लागते, चार नावं एकाखाली एक येतात आणि त्याला ग्रुप म्हणायचं. त्याची टीम झाली का, झाली तर कशी, हे इथे लिहूया. मानसशास्त्रज्ञ ब्रूस टकमनने १९६५ साली मांडलेले ग्रुपच्या वाटचालीचे टप्पे (जमणं, वादळ, घडी बसणं, जोमाने काम, निरोपाचा पाचवा १९७७ मध्ये जोडला गेला) आपण परीक्षेपुरते पाठ केलेत. ते नकोत, स्वतःचं सांगा.

माझ्यापासून सुरुवात करते. पहिला दीड महिना आमच्यात कुणी भांडलंच नाही. काहीही विचारा, उत्तर 'चालेल'. रिव्ह्यूच्या आदल्या रात्री चौघांचं काम जोडायला बसलो तर माझ्या फॉर्ममधून तारीख जायची दिवस आधी, वर्ष शेवटी, आणि डेटाबेसवालीने धरली होती वर्ष आधी. एक नोंद सेव्ह होईल तर शपथ! मग जे तोंडाला तोंड लागलं ते दीड महिन्याची थकबाकी वसूल करूनच थांबलं. पण त्याच रात्री आम्ही पहिल्यांदा एकमेकांचं कोड वाचलं.

*

आमच्याकडे एक जण 'नुसता नावाला' होता. रिंगेलमनचा दोरी ओढण्याचा प्रयोग (माणसं वाढतात तसा एकेकाचा जोर कमी होतो) मी त्याला टोमणा म्हणून ऐकवलाही होता. शेवटी तो शांतपणे म्हणाला, "मी पाठवलेली दोन्ही प्रकरणं तू न सांगता नव्याने लिहिलीस. तिसरं कशाला लिहू?" लीडर मीच होतो. खरं सांगायचं तर त्याची प्रकरणं वाईट नव्हती, माझ्यासारखी नव्हती इतकंच. पुढचं प्रकरण त्याचं जसंच्या तसं गेलं. स्वल्पविरामांना हात लावायचा मोह फार झाला.

*

आमची टीम झालीच नाही. कामं वाटली, केली, बाइंडिंग केलं. मार्क उत्तम पडले. तेही चालतं, एवढंच नोंदवते.

*

मी टेबलाच्या पलीकडची, गाइड. संशोधक कॉनी गर्सिकने १९८८ मध्ये काही गटांचा अभ्यास मांडला. कुणाला मोजके दिवस मिळालेले, कुणाला महिने, पण कामाची पद्धत पालटली ती जवळजवळ निम्मी मुदत सरल्यावर. तेव्हापासून पहिल्या आठवड्यात ग्रुप ढेपाळलेला दिसला तरी मी ओरडत नाही. निम्म्यावर मात्र एक बैठक ठेवते, आणि तिथे प्रत्येकाने दुसऱ्याचा भाग समजावून सांगायचा, स्वतःचा नाही. पहिल्या वर्षी दहा मिनिटं नुसती शांतता होती. मग एक मुलगी शेजारच्याला म्हणाली, "तू नक्की काय करतोयस रे?" त्याने वही उघडली, बाकीच्यांनी खुर्च्या सरकवल्या. मी चहाला गेले.

*

@धागाकर्ती, तारखेचं शेवटी काय ठरलं?

*

वर्ष आधी. मी हरले.