सीक्वेन्सर वाजेना : पार्ट खोटे की आपलाच हात?

अर्धी_मात्रा (धागा लेखक)

माझं मत आधी सांगून टाकतो, मग खुशाल वाद घाला. पहिलाच सीक्वेन्सर (ठरलेले सूर क्रमाने वाजवणारं यंत्र) स्वतः बांधणाऱ्याने सगळे पार्ट अधिकृत वितरकाकडूनच घ्यावेत. 'शंभर आयसींचं मिश्र पाकीट' छापाच्या ऑनलाइन मालाच्या वाटेला जाऊ नये.

माझं यंत्र अगदी बाळबोध आहे. आठ स्टेपचा ॲनालॉग सीक्वेन्सर. ५५५ हा आयसी क्लॉक, म्हणजे ठोके, देतो, ४०१७ हा मोजणारा आयसी ठोक्यागणिक एकेक आउटपुट चालू करत पुढे सरकतो. प्रत्येक आउटपुटवर एक एलईडी आणि एक पॉट (फिरवून व्होल्टेज कमीजास्त करायचं बटण), पॉटच्या मधल्या पायातून एक १एन४१४८ डायोड. आठही डायोडांची दुसरी टोकं एकत्र, आणि ते व्होल्टेज सिंथच्या ऑसिलेटरला, म्हणजे सूर काढणाऱ्या भागाला. पिन ९ रीसेटला जोडलीय, म्हणजे आठव्या स्टेपनंतर पुन्हा पहिली. सप्लाय १२ व्होल्ट.

आता दुखणी ऐका. पहिला ४०१७ सप्लाय देताच चटका बसेल इतका तापला आणि गेला. दुसऱ्या पाकिटातला टिकला, पण तो मर्जीचा मालक. तीन स्टेप चालतो, थांबतो, बोर्डाजवळ हात नेला की पुन्हा पळत सुटतो. पॉट अर्ध्यापर्यंत फिरवला तरी सूर जेमतेम हलतो, आणि शेवटच्या टप्प्यात एकदम किंचाळतो. पाचव्या स्टेपचा पॉट पूर्ण फिरवला तरी ती बाकीच्यांची उंची गाठत नाही. तीन शनिवार-रविवार गेले. त्याच पाकिटातला तिसरा आयसीही लावून झाला, फरक शून्य. खोट्या मालावर माणसाने वेळ घालवायचा तरी किती?

शून्य_व्होल्ट

असहमत, आणि जरा जोरातच. नाचता येईना, अंगण वाकडं. ४०१७ इतका स्वस्त आणि मुबलक आयसी आहे की त्याची नक्कल करणाऱ्याच्या हाती काय लागणार? आयसी बदलूनही दुखणं तेच राहिलं, म्हणजे ते आयसीत नाही. तुम्ही चोर सोडून संन्याशाला फाशी देताय, तीही दोनदा.

दोन गोष्टी सांगा. मेलेल्या आयसीवर काय छापलंय? नुसतं ४०१७ नको, आगेमागे जे असेल ते सगळं. आणि पिन १३ कुठे जोडलीय?

डेटाशीट_आधी

मी धागा लेखकाच्या बाजूने. स्वस्त आयसी खोटे नसतात हे मला मान्य नाही, कारण मी खाल्लेला मार ताजा आहे. टीएल०७२ या ऑपॅम्पची (सिग्नल वाढवणाऱ्या आयसीची) एक पट्टी मागवली होती. सर्किट चालत होतं, म्हणून दोन महिने संशयही आला नाही. एकदा सहज चौकोनी लहर देऊन स्कोपवर (लहरींचा आकार दाखवणाऱ्या यंत्रावर) पाहिली, तर उभ्या कडा चक्क आडव्या पडलेल्या. टीएल०७२ चं आउटपुट मायक्रोसेकंदाला साधारण १३ व्होल्ट चढायला हवं. माझ्या पट्टीतल्या एकालाही दोन जमेनात. कुठल्या तरी मंद ऑपॅम्पवर नवं नाव छापलेलं होतं. अ‍ॅसिटोनचा बोळा फिरवला, नाव पुसलं गेलं.

मुद्दा असा की नवशिक्याला एका वेळी एकच अनोळखी गोष्ट परवडते. सर्किट अनोळखी, हात अनोळखी, त्यात पार्टही अनोळखी, मग शोध सुरू करायचा कुठून?

शून्य_व्होल्ट

@डेटाशीट_आधी : स्कोपचा पुरावा मान्य. अ‍ॅसिटोनचा नाही. शाईने छापलेलं अस्सल नावही अ‍ॅसिटोनने जाऊ शकतं, लेझरने कोरलेलं जात नाही. त्या कसोटीवर अर्धे निरपराध आत जातील.

अर्धी_मात्रा

भिंगातून पाहिलं. मेलेल्यावर '७४एचसी४०१७' आहे. पुढचे दोन्ही 'सीडी४०१७बीई'. विक्रेत्याच्या पानावर दोन्हीकडे नुसतं ४०१७ लिहिलं होतं. पिन १३ मी ज्या आकृतीवरून बांधलं तिच्यात दाखवलेलीच नाही, म्हणून मीही मोकळी सोडली.

शून्य_व्होल्ट

झालं. दोन दुखणी इथेच संपली, आणि दोन्हीत खोटा माल नाही.

७४एचसी४०१७ अस्सलच असणार. पण ते घराणं २ ते ६ व्होल्टचं. सीडी४०१७बी ३ ते १८ व्होल्टवर चालतो. पायांची मांडणी दोघांची सारखी, त्यामुळे सॉकेटमध्ये गुपचूप बसतो. तुम्ही सहाच्या जागी बारा दिलेत, तो बिचारा काय करणार?

पिन १३ म्हणजे क्लॉक रोखायची पिन. ती ग्राउंडला असेल तर मोजणी चालते, सप्लायला असेल तर थांबते. मोकळी सोडलीत तर ती ना इकडची ना तिकडची. सीमॉसच्या (४०१७ याच जातीचा आयसी) इनपुटमध्ये करंट जवळजवळ शिरतच नाही, त्यामुळे हवेतली विजेची गुणगुण, तुमचा हात, शेजारची वायर, कोणीही तिला हवं तिकडे ओढू शकतं. हात जवळ नेल्यावर वागणं बदललं की आधी मोकळ्या पिना शोधायच्या, आयसी बदलायचा नाही. १३ ला ग्राउंड द्या. बोर्डावर आणखी कुठे सीमॉस आयसीची गेटं न वापरता पडली असतील तर त्यांची इनपुटंही बांधून टाका.

तिसरी_पट्टी

पॉटांचं मी सांगते. पॉटाच्या पाठीवर पाहा, आकड्याच्या मागे किंवा पुढे 'ए' आहे का? हल्ली सगळीकडे मिळतात त्या पॉटांवर ए म्हणजे लॉग, आवाजाच्या बटणासाठीचा. बी म्हणजे सरळ चढणारा, तो तुम्हाला हवा. लॉग पॉट अर्धा फिरला तरी व्होल्टेज दहा-पंधरा टक्क्यांपर्यंतच गेलेलं असतं, उरलेलं सगळं पुढच्या अर्ध्यात. (जुन्या युरोपीय पॉटांवर ही अक्षरं उलटी असायची. त्यामुळे जुना माल असेल तर अक्षरावर जाऊ नका, मधोमध फिरवून मीटरने मोजा.)

पण बी पॉट लावून सगळं सुरळीत होईल असंही नाही. तुमचा पॉट ० ते १२ व्होल्ट देतोय. ऑसिलेटर व्होल्टला एक सप्तक या हिशेबाचा असेल तर एका बटणात बारा सप्तकं कोंबलीत. पॉट साधारण ३०० अंश फिरतो. बारा सप्तकांचे १४४ अर्धस्वर, म्हणजे एका अर्धस्वराला दोन अंशांच्या आसपास. बोट थरथरलं की षड्ज कोमल ऋषभावर. डायोडांच्या एकत्र टोकानंतर व्होल्टेज दोन-तीन व्होल्टांपर्यंत खाली आणा आणि मग ऑपॅम्पचा बफर द्या, म्हणजे पुढच्या ओझ्याने व्होल्टेज बसणार नाही. शिवाय डायोड स्वतः साधारण ०.६ व्होल्ट खातो, त्यामुळे बटणाच्या सुरुवातीला थोडी मुकी जागा राहणारच. तो बिघाड नाही.

पाचव्या स्टेपबद्दल एकच प्रश्न. तिचा एलईडी बाकीच्यांपेक्षा जास्त चमकतो का?

अर्धी_मात्रा

हो! मला वाटलं तो एलईडी चांगल्या प्रतीचा निघाला. तुम्हाला कसं कळलं?

तिसरी_पट्टी

माझं नाव वाचा.

त्या एलईडीच्या रेझिस्टरवरच्या रंगीत पट्ट्यांतली तिसरी पट्टी बघा. तपकिरी-काळी-लाल म्हणजे १ किलोओहम. तपकिरी-काळी-तपकिरी म्हणजे १०० ओहम. पिवळ्या दिव्याखाली लाल आणि तपकिरी सारखेच दिसतात, मी स्वतः यात दोनदा फसलेय. १०० ओहम लागला असेल तर तो एलईडी ४०१७ च्या आउटपुटमधून करंट उपसतोय. असले आउटपुट नेटाने करंट देत नाही, ओढलं की व्होल्टेज खाली बसतं. पॉट त्याच आउटपुटवर लटकलेला, म्हणून त्याचंही माथं खाली. पिन १० वर, ती स्टेप चालू असताना मीटर लावा आणि शेजारच्या आउटपुटशी ताडून पाहा.

खरं तर एलईडी थेट आउटपुटवर लावायलाच नको होता. प्रत्येकी एक बीसी५४७ ट्रान्झिस्टर घाला, एलईडीचं ओझं त्याच्यावर टाका.

जुना_डबा

हा धागा वाचून करमणूक झाली. मी गेली कित्येक वर्षं मोडीत निघालेल्या यंत्रांचे बोर्ड सोलून पार्ट काढतो. रेझिस्टर, पॉट, स्विच, सॉकेट, सगळं. अधिकृत-अनधिकृत या भानगडीत पडतच नाही. काढलेला पार्ट आधी कुठेतरी चालत होता, हीच त्याची हमी. आणि संगीताच्या यंत्रांत 'उत्तम पार्ट' हेच मुळात फसवं आहे. रोलंडचं टीआर-८०८ हे १९८० सालचं ड्रम मशीन घ्या. त्याचा तो सळसळता आवाज ज्या ट्रान्झिस्टरांतून यायचा ते कारखान्याने सदोष म्हणून बाजूला काढलेले होते. रोलंडने ते मुद्दाम घेतले. पुढे ट्रान्झिस्टर सुधारले, तसला सदोष माल मिळेना, आणि १९८३ मध्ये ते यंत्रही थांबलं. अव्वल माल वापरला असता तर तो आवाज झालाच नसता.

डेटाशीट_आधी

@जुना_डबा : गोष्ट खरी आहे, पण ती तुमच्या विरुद्ध जाते. तिथे ट्रान्झिस्टर निवडून, हवा तसा खरखरतो का हे पाहून घेतले जायचे. तो मोजून घेतलेला दोष होता. मिश्र पाकिटातला दोष कोणी मोजलेला नसतो. शिवाय नॉइज देणारा ट्रान्झिस्टर खरखरला तर संगीत होतं, मोजणारा आयसी खरखरला तर ताल चुकतो.

आणि काढलेल्या पार्टांत इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर तरी नका हो सुचवू. ते कोरडे पडतात, आणि ५५५ च्या टायमिंगला लावले की क्लॉकचा वेग रोज वेगळा.

जुना_डबा

कपॅसिटरचं मान्य. ते मीही नवेच घेतो, फक्त चारचौघांत सांगत नाही.

बिट_बहाद्दर

एवढा खटाटोप कशाला? एक मायक्रोकंट्रोलर घ्या आणि एमसीपी४८२२ सारखा १२ बिटांचा डॅक (आकड्याचं व्होल्टेज करून देणारा आयसी). त्याचा आतला संदर्भ २.०४८ व्होल्ट, दुप्पट केला की ४.०९६, म्हणजे एक पायरी बरोब्बर एक मिलिव्होल्ट. अर्धस्वराला ८३ पायऱ्या. सूर आपोआप जागेवर, पॉट लॉग असो की सरळ, सॉफ्टवेअरमध्ये दुरुस्त. ४०१७ आता संग्रहालयात ठेवा.

शून्य_व्होल्ट

आगीतून फुफाट्यात. तुमचा कंट्रोलर ३.३ व्होल्टचा निघाला आणि पुढे ५ व्होल्टवरचा ७४एचसी आयसी असला, तर त्याला 'एक' समजायला ३.५ व्होल्ट हवेत. कधी समजेल, कधी नाही. तिथे ७४एचसीटी लागतो, त्याला २ व्होल्ट पुरतात. म्हणजे पुन्हा एका अक्षराचाच खेळ, फक्त आता बिघाड कोडमध्ये की तारेत हे शोधायचं काम वाढलं. ४०१७ मध्ये निदान क्लॉक काढून बटण लावता येतं आणि एकेक स्टेप थांबवून मीटरने मोजता येते. (बटणाला डीबाउन्स हवा, म्हणजे दाबताना होणारी थरथर गाळायची सोय, नाहीतर एका दाबात चार स्टेप उड्या मारेल आणि नवा धागा निघेल.)

बिट_बहाद्दर

कोड थांबवूनही मोजता येतं, असो. तुमच्या पिढीला समजावणं अवघड.

शून्य_व्होल्ट

पिढी काढलीत म्हणजे मुद्दा संपला.

अर्धी_मात्रा

ताजी खबर. १३ ला ग्राउंड दिलं, मोजणी ठणठणीत. पाचव्याचा रेझिस्टर १०० ओहमच निघाला, बदलला, तीही स्टेप बाकीच्यांच्या रांगेत आली. पॉटांवर ए आहे. म्हणजे खोटा पार्ट एकही नाही, हे कबूल करतो.

पण मूळ मत पूर्ण सोडत नाही. अधिकृत वितरकाकडून घेतलं असतं तर यातल्या निम्म्या गोष्टी झाल्या नसत्या.

तिसरी_पट्टी

का नसत्या? वितरकाकडेही ७४एचसी४०१७ मिळतो, ए पॉटही मिळतो. तुम्ही जे मागाल तेच तो देणार. पिन १३ काही तो जोडून देणार नव्हता.

डेटाशीट_आधी

नाही, इथे मी ठाम आहे. वितरकाच्या पानावर पूर्ण नंबर, व्होल्टेजची मर्यादा, शेजारी डेटाशीट (बनवणाऱ्याचं माहितीपत्रक), पॉटचा चढ कसा आहे हे सगळं लिहिलेलं असतं. ऑर्डर देताना डोळ्यांवर आदळतं. मिश्र पाकिटावर 'पॉट, दहा नग' एवढंच. धागा लेखक फसले ते मालामुळे नाही, माहिती नसलेल्या पानामुळे. पैसे आपण त्या माहितीचे देतो.

शून्य_व्होल्ट

डेटाशीट कोणालाही फुकट वाचता येते. त्यासाठी तिथूनच विकत घ्यायची सक्ती नाही.

डेटाशीट_आधी

वाचता येते. वाचतं कोण? या धाग्याचा इतिहास वर आहे.

अर्धी_मात्रा

भांडण चालू असताना एक नवं दुखणं. आता सगळं वाजतंय, पण प्रत्येक ठोक्याला मागून बारीक 'टक्' ऐकू येतं. सिंथचा आवाज पूर्ण बंद केला तरी येतं.

तिसरी_पट्टी

५५५. साधा बायपोलर ५५५ आउटपुट पालटताना क्षणभर सप्लायमधून जोराचा घोट घेतो. सप्लाय तेवढ्यापुरता खचतो आणि तुमचा ऑडिओही त्याच तारेवर आहे. त्याच्या पिन ८ आणि पिन १ ला अगदी चिकटून ०.१ मायक्रोफॅरड लावा, जवळच १०० मायक्रोफॅरड. तरीही राहिलं तर सीमॉस जातीचा ५५५ आणा, टीएलसी५५५ किंवा ७५५५. आणि क्लॉक, एलईडी यांची ग्राउंडची तार ऑडिओच्या तारेत न मिसळता वेगळी सप्लायपर्यंत न्या.

अर्धी_मात्रा

कपॅसिटर लावले, टक् बरंच दबलं. उरलेल्यासाठी टीएलसी५५५ आणि आठ बी पॉट मागवले.

शून्य_व्होल्ट

कुठून मागवलेत ते सांगा, म्हणजे वाद कोण जिंकलं ते ठरेल.

अर्धी_मात्रा

त्याच पाकीटवाल्याकडून. या वेळी पूर्ण नंबर लिहून. अ‍ॅसिटोनही आणून ठेवलंय, @डेटाशीट_आधी.