'ऑक्सिजेन' : अर्धं पटलं, अर्धं नाही

ज्याँ-मिशेल जार या फ्रेंच संगीतकाराचा 'ऑक्सिजेन' हा इलेक्ट्रॉनिक संगीताचा अल्बम आता हॉटेलच्या लॉबीत वाजतं तसलं काहीतरी वाटतो हे तुमचं म्हणणं मला चौथ्या भागापुरतं पटतं, ती धून गोड आहे पण दोन-तीनदा ऐकली की पोट भरतं आणि मागचं ते ऱ्हिदम मशीनचं टिकटिक तर मला कायम खटकत आलंय. पण दुसरा भाग एकदा हेडफोन लावून ऐका हो! एमिनंट या इलेक्ट्रॉनिक ऑर्गनचे स्ट्रिंग्ज, म्हणजे व्हायोलिनच्या ताफ्यासारखे सूर, फेझर नावाच्या आवाजाला हेलकावे देणाऱ्या उपकरणातून काढलेत त्यामुळे सूर एका जागी थांबतच नाही, पाण्यावर ऊन हलतं तसा हलत राहतो. आणि हे १९७६ साली, पॅरिसमधल्या राहत्या घरात, आठ ट्रॅकच्या टेपवर केलेलं काम आहे. अल्बमच्या शेवटी लाटांचा आवाज येतो ना, तिथे मी अजूनही हातातलं काम बाजूला ठेवते.