अस्सल डिस्क असूनही जुना गेम चालत नाही. क्रॅक वापरणं हाच उपाय आहे का?

जुनीडिस्क:
माझ्याकडे २००३-०४ च्या काळातल्या एका रेसिंग गेमची अस्सल डिस्क आहे. खोका, मॅन्युअल, सीडी-की, सगळं शाबूत. विंडोज १० वर इन्स्टॉल होतो, पण आयकॉनवर क्लिक केलं की कर्सर क्षणभर फिरतो आणि पुढे काहीच नाही. एररसुद्धा येत नाही. डिस्क खराब म्हणावी तर तिच्यावरच्या सगळ्या फाइल नीट वाचल्या जातात. कंपॅटिबिलिटी मोड वगैरे करून झालं. मित्र म्हणतो, नो-सीडी क्रॅक (डिस्कची तपासणी चुकवणारी बदललेली फाइल) टाक, लगेच चालेल. म्हणजे पैसे मोजून घेतलेला गेम खेळायला मी चोरांच्या साइटवर जायचं? (गेमचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा त्याच्या आठवणींतच वाहून जाईल.)

कर्नलपंडित:
डिस्क ठणठणीत असणार. नाव सांगितलं नाहीत, त्यामुळे तिच्यावर कुठलं संरक्षण आहे ते कळत नाही, पण लक्षणं ओळखीची आहेत.

त्या काळातल्या बऱ्याच गेमवर सेफडिस्क नावाचं नक्कल रोखणारं संरक्षण असायचं. डिस्कवर मुद्दाम काही सदोष सेक्टर ठेवायचे. साध्या बर्नरला ते जसेच्या तसे उतरवता येत नसत, आणि तिथे नक्कल पकडली जायची. ही तपासणी करणारा ड्रायव्हर विंडोजच्या कर्नलमध्ये, म्हणजे सगळ्यात आतल्या गाभ्यात बसायचा. गाड्या पळवण्याच्या खेळाला कर्नलमध्ये काय काम, हे विचारायचं नाही! २००७ मध्ये त्या ड्रायव्हरमधल्या एका त्रुटीतून साध्या युजरला अख्ख्या मशीनचा ताबा घेता येतो हे उघड झालं आणि मायक्रोसॉफ्टला पॅच काढावा लागला. २०१५ मध्ये विंडोज १० आलं, त्यात तो ड्रायव्हर घेतलाच नाही. त्याच वर्षी सप्टेंबरच्या अपडेटने व्हिस्टा, ७ आणि ८ वरही तो बंद झाला.

मायक्रोसॉफ्टवर माझा राग नाही. दुसऱ्याने लावलेलं गंजकं कुलूप आपल्या दाराला कोण ठेवून घेईल? राग आहे तो गेम विकणाऱ्यांवर. संरक्षण लावताना घाई, ते काढण्याची जबाबदारी मात्र कुणाचीच नाही.

आणि क्रॅकची लाज वाटत असेल तर ऐका. २००८ मध्ये रेनबो सिक्स व्हेगास २ या युबिसॉफ्टच्या गेमची डाउनलोड करून घेतलेली प्रत एका पॅचनंतर डिस्क मागायला लागली. डाउनलोडला कुठली डिस्क! युबिसॉफ्टच्या सपोर्टने एक दुरुस्ती दिली. लोकांनी ती फाइल उघडून पाहिली, तर आत रीलोडेड या क्रॅक करणाऱ्या गटाची खूण.

तरी कुठल्याही साइटवरून अनोळखी फाइल उचलू नका. आधी प्रकाशकाने डिस्कची तपासणी काढणारा पॅच दिलाय का बघा, काहींनी दिलेत. मग गॉग या गेम विकणाऱ्या साइटवर शोधा, तिथले गेम डीआरएमशिवाय, म्हणजे अशा कुलपाशिवाय मिळतात.

बिल्डतुटला:
छोट्या स्टुडिओत काम करतो, म्हणून दुसरी बाजू. बऱ्याच गेमची मोठी विक्री पहिल्या काही आठवड्यांत होते. तेवढे दिवस क्रॅक रोखला तरी डेनुवो या आजच्या संरक्षणाचे पैसे वसूल, असा हिशेब असतो. डूम हा गेम मे २०१६ मध्ये आला, डिसेंबरमध्ये त्यातून डेनुवो काढलंसुद्धा. अशा वापराला एवढ्या शिव्या का?

कर्नलपंडित:
काढणाऱ्यांना शिव्या नाहीतच. सगळे काढत नाहीत, हे दुखणं. २०२१ च्या शेवटी इंटेलचे बाराव्या पिढीचे प्रोसेसर आले, त्यांत दोन प्रकारचे कोर (काम करणारे भाग), मोठे आणि छोटे. काही गेममधल्या डीआरएमला वाटलं, हे दोन वेगळे पीसी आहेत, आणि गेम बंद! शेवटी स्क्रोल लॉक दाबून छोटे कोर झोपवायची सोय द्यावी लागली. इतक्या वर्षांनी त्या बटणाला काम मिळालं ते हे. आणि रेसिडेंट इव्हिल व्हिलेज? क्रॅक केलेली प्रत विकतच्या प्रतीपेक्षा कमी अडखळते हे दिसल्यावर जुलै २०२१ मध्ये कॅपकॉमने पॅच दिला. त्याच्या नोंदीत चक्क पायरसीविरोधी तंत्रज्ञान सुधारल्याचं लिहिलं होतं.

पहिले काही आठवडे, मान्य. मग खोक्यावर तारीख छापा: 'अमुक दिवशी संरक्षण काढू.' किती जण छापतील?

बिल्डतुटला:
आमचे मार्केटिंगवाले तर मुळीच नाही. 'अमुक दिवसापर्यंत थांबा' असंच लोक वाचतील.

प्रोटॉनवाला:
लिनक्सवर आणखी मजा. सेटिंग जुळवताना प्रोटॉनची (विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर) आवृत्ती चार-पाचदा बदलली, तर डेनुवो प्रत्येक वेळी नवीन पीसी समजतं आणि दिवसभरासाठी दार बंद.

मला सिरियस सॅम ३ ची युक्ती आवडते. चोरीच्या प्रतीत एक गुलाबी विंचू मागे लागतो, तो मरतच नाही. विकत घेणाऱ्याला तो विंचू सहसा दिसतही नाही.

जुनीडिस्क:
पॅच नाही. गॉगवरही नाही.

कर्नलपंडित:
रेसिंग गेमचं असंच होतं. गाड्यांचे आणि गाण्यांचे परवाने मुदतीचे असतात. ते संपले की गेम पुन्हा विकायला काढणं अवघड. व्हर्च्युअल मशीनमध्ये जुन्या थ्रीडी गेमचे हाल होतात, तो नाद नको. विंडोज एक्सपीवाला एखादा जुना पीसी मिळतोय का बघा, डिस्क ड्राइव्हसकट. नेटला मात्र जोडू नका.